शिडाच्या बोटीवरचे यजमान सोलापूरला येताहेत, त्यांना उजनीवर नेऊ का?

भीमाकाठचा

मंडळी, प्रश्न शेवटी आहे. आधी थोडं पुराण ऐकावं लागेल.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. सोलापुरात पारा ४३ वर, आणि लेकीचं घर व्हर्जिनियात नॉरफोकला, पाण्याच्या काठी. तिच्या शेजारी एक निवृत्त जोडपं राहतं. त्यांची ३४ फुटी शिडाची बोट. नवऱ्याला आम्ही कॅप्टन म्हणायचो आणि बायकोला बाई. बाईंनी एके दिवशी कुंपणावरून विचारलं, तीन दिवस येता का आमच्याबरोबर? मी नाही म्हणणार होतो. मला हिप्परगा तलावात पाय सोडून बसायचा अनुभव, बोटीचा नाही. पण आमच्या हिने मान हलवून टाकली होती.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर असा एक जलमार्ग आहे, इंट्राकोस्टल वॉटरवे. भर समुद्रात न जाता वाळूच्या लांबट बेटांच्या आडोशाने खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडत जातो. त्याचा शून्य मैल नॉरफोकलाच आणि तिथून मायामीपर्यंत साधारण १०९० मैल. आम्ही त्यातले ५१ मैल केले, एलिझाबेथ सिटीपर्यंत. म्हणजे सोलापूर-पंढरपूरपेक्षा थोडंच जास्त. त्याला आम्हाला दोन दिवस लागले, आणि परत आणायला लेक गाडी घेऊन आली ती तासाभरात.

पहिल्या तासात आरमाराच्या राखाडी बोटींच्या शेजारून गेलो, मग उजवीकडे वळून एका दरवाजात शिरलो. पाण्याचा दरवाजा. बोट आत घेतात, मागचं दार लावतात आणि पाणी सोडून बोट आठेक फूट वर उचलतात. तिथला दार सांभाळणारा माणूस काय करत असेल? शंख वाजवत होता! त्याच्याकडे शंखांचा संग्रहच होता. भोंऽऽ असा आवाज आला आणि आमच्या हिने सवयीने हात जोडले. कॅप्टनने तिच्याकडे बघून स्वतःही जोडले.

पुढचा कालवा डिस्मल स्वॅम्प नावाच्या दलदलीतला. १७९३ साली खोदायला घेतला, १८०५ मध्ये उघडला, आणि खोदला तो गुलाम माणसांनी हातांनी. पाणी कोऱ्या चहासारखं, झाडांच्या सालीपाल्यातल्या टॅनिनमुळे. दोन्ही काठांची झाडं इतकी आत झुकलेली की डोलकाठीला फांद्या घासून पानं आमच्या ताटात पडत. मध्येच बुडालेला ओंडका तळाला लागला की धप्प. प्रत्येक धप्पला कॅप्टन "सॉरी" म्हणायचा, ओंडक्याला की आम्हाला, कळलं नाही.

आता मुद्दा. एलिझाबेथ सिटीच्या धक्क्याला ४८ तास बोट फुकट बांधता येते. १९८३ साली गावातल्या दोन गृहस्थांनी येणाऱ्या बोटींवरच्या बायकांना एकेक गुलाब द्यायची पद्धत पाडली. पाचेक बोटी जमल्या की वाईन आणि चीजची छोटी पार्टी. हिलाही गुलाब मिळाला. हिने तो सरळ अंबाड्यात खोचला. देणाऱ्या आजी बघतच राहिल्या, मग त्यांनी स्वतःच्या केसांना हात लावून पाहिला. फार आखूड होते.

धक्क्यावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला किराण्याला गाडीतून नेलं, पाऊण तास बाहेर थांबला, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. मग हिने पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढली. त्याने चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी आलं आणि म्हणाला, हे तर शेंगदाणे! त्याच्या बापाची भुईमुगाचीच शेती. तो भाग भुईमुगाचाच आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो पाच-सहा किलो शेंगांची गोणी घेऊन धक्क्यावर हजर.

तर, कॅप्टन आणि बाई येत्या जानेवारीत पाच दिवस सोलापूरला येताहेत. कोविडमुळे राहून गेलं होतं. मला वाटतं पाण्यातल्या माणसाला पाणीच दाखवावं, म्हणजे उजनीवर न्यावं. ही म्हणते खुळे आहात. काय करू?

चाळीस_नंबर_सूत

वहिनी बरोबर म्हणताहेत. अजून न वाचताच सांगतो.

चाळीस_नंबर_सूत

वाचलं. अजूनही बरोबरच म्हणताहेत.

तव्यावरची

शंखाचा प्रसंग फार आवडला. मला एक सांगा, तीन दिवस जेवणाचं काय केलंत? तिथे शाकाहाराची पंचाईत होत असेल ना?

भीमाकाठचा

@तव्यावरची, ज्वारीचं पीठ, बेसन, लसूण सगळं लेकीच्या घरून बांधून नेलं होतं. बोटीवरची शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी ती सरळ राहते. ही भाकरी थापायला बसली तर भाकरी स्थिर आणि थापणारी हलतेय! पहिल्या दोन भाकऱ्यांचा नकाशा आंध्र प्रदेशासारखा आला. बाईंनी त्यांचे फोटो काढले.

दुसरी गंमत पाण्याची. बोटीवर टाकीत मोजकं पाणी. बाई रोज सांगायच्या, जपून वापरा. संध्याकाळी हिने चौघांची भांडी दोन तांब्यांत विसळून दाखवली. बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलात? ही म्हणाली, आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. बाईंना वाटलं आमचंही घर बोटच आहे.

अक्कलकोट_रोड

"आमचंही घर बोटच आहे" 😂 😂 पावसाळ्यात आमच्या गल्लीत या, खरंच आहे.

समुद्रपार

धागा चुकून उघडला आणि जागीच बसलो. मी गेली १४ वर्षं नॉर्थ कॅरोलिनात आहे, मूळ बार्शीचा. तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं, पण थोडी भर घालतो.

पहिलं म्हणजे शिडाची बोट असली तरी या जलमार्गावर बहुतेक वेळ इंजिनच चालतं. अरुंद रस्ता, वळणं, समोरून बार्जा. नकाशावर एक जांभळट-गुलाबी रेषा छापलेली असते, लोक तिच्यावरून चालतात आणि तरीही चिखलात रुततात, कारण वाळू सरकते, रेषा सरकत नाही. दुसरं, डोलकाठीची उंची. पक्के पूल साधारण ६५ फुटांचे. त्याहून उंच काठी असेल तर समुद्रातूनच जा. उघडणाऱ्या पुलांना रेडिओवर (आमच्या नॉर्थ कॅरोलिनात तेरा नंबरच्या चॅनेलवर) हाक मारून थांबावं लागतं, आणि पूल उघडेपर्यंत बोट एका जागी धरून ठेवणं हीच खरी परीक्षा. लाल सिग्नलला गाडी उभी राहते, बोट राहत नाही. थंडी पडायला लागली की हजारो बोटी याच वाटेने दक्षिणेला उतरतात, आपल्या फ्लेमिंगोंसारख्या.

आणि पाहुणचार सगळीकडे गुलाबाचा नाही हो. फ्लोरिडात काही भागांत रात्री नांगर टाकायलाच कायद्याने मनाई आहे. काठावर कोट्यवधींची घरं, त्यांना समोर फाटकी बोट नको. एलिझाबेथ सिटी हा अपवाद म्हणून गाजलाय.

भीमाकाठचा

@समुद्रपार, शिडाचं अगदी खरं. दोन दिवस मी "शीड कधी" विचारत होतो आणि कॅप्टन "उद्या" म्हणत होता. तिसऱ्या दिवशी लेक यायच्या आधी शहराच्या खाली पास्क्वोटँक नदी रुंद होते तिथे अर्धा दिवस उघडलं. इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली ना... मला आधी वाटलं काहीतरी बिघडलं. मग पाण्याचा चुळुक चुळुक आवाज ऐकू आला. बोट एका अंगावर कलली आणि हिने माझा दंड धरला तो अर्धा तास सोडला नाही. लग्नानंतर प्रथमच.

खाडीकर

सोलापूरकरांनी शिडावर धागा काढावा आणि आम्ही कोकणातल्यांनी गप्प बसावं, हे काही बरोबर नाही.

आपल्याकडे असा जलमार्ग का नाही, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. तुमचा तो मार्ग किनाऱ्याला समांतर, उभा. आमच्या खाड्या आडव्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, सगळ्या सह्याद्रीतून निघून सरळ पश्चिमेला समुद्रात. एका खाडीतून दुसरीत जायचं तर भर समुद्रात उतरावंच लागतं, आणि आत शिरताना तोंडाशी वाळूचा दांडा. भरती बघूनच आत जायचं. ओहोटीला गेलात तर बसा सहा तास, चिखलातले खेकडे मोजत.

माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. मंगळुरी कौलं भरून वर मुंबईकडे. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले असतील तुम्ही. आमच्याकडे त्यावर पोट होतं. पहाटे मतलई वाऱ्यावर खाडीतून बाहेर पडायचं, दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर जेवढं जमेल तेवढं वर सरकायचं आणि अंधाराच्या आत पुढची खाडी गाठायची. तो वारा वायव्येकडून, म्हणजे मुंबईला जाताना नाकावरच. त्यामुळे आडवंतिडवं करत जायला दिवसच्या दिवस लागत.

पाहुणचाराचं म्हणाल तर प्रत्येक खाडीत एक घर ठरलेलं असे. नातं काही नाही. आजोबा सांगत, धक्क्यावर उतरलं की आधी गोडं पाणी, मग पेज, आणि हंगाम असेल तर फणसाची भाजी. बदल्यात दहा-वीस कौलं उतरवायची. गलबताचा मालक मोजणीत ती "फुटली" म्हणून दाखवायचा. आमच्या खाडीतल्या दोन-तीन घरांची छपरं फुटलेल्या कौलांनीच शाकारलेली आहेत.

चाळीस_नंबर_सूत

फुटलेल्या कौलांचं छप्पर! 🙏 सूतगिरणीत याला "वेस्टेज" म्हणायचे.

नकाशेबहाद्दर

खाडीकर, समांतर जलमार्ग भारतात नाहीच असं नाही. केरळात कोल्लमपासून वर जाणारा राष्ट्रीय जलमार्ग ३ नेमका तसाच आहे, वाळूच्या पट्ट्यामागच्या सरोवरांतून. आणि पूर्व किनाऱ्यावर बकिंगहॅम कालवा. चेन्नईहून जातो, खाऱ्या पाण्याचा, किनाऱ्याला अगदी लागून. त्याचा एक तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून खोदला. सोलापूरकरांना दुष्काळी काम म्हणजे खडी फोडणं आणि तलावाचा बांध, तिथे लोकांनी होड्यांचा रस्ता खोदला. आता बराचसा गाळाने भरलाय, शहरात तर गटारच झालंय.

खाडीकर

मान्य. मी कोकणापुरतं म्हणालो होतो. 🙂

वेळापूरकर

मला सगळ्या धाग्यात एक गोष्ट खटकली. एलिझाबेथ सिटीत फुकट धक्का आणि गुलाब, त्याचं एवढं कौतुक. अहो, आमच्या वेळापुरात माउलींची पालखी मुक्कामाला असते. आमच्या घरी गेल्या तीन पिढ्या एकच दिंडी उतरते. ८० माणसं. माळवदावर, अंगणात, गोठ्यात. त्या दिवशी आईची चूल पहाटे तीनला पेटते. कोणी पैसे विचारत नाही, कोणी देत नाही. हळूहळू चालत येणाऱ्या माणसाला काय लागतं हे आपल्याला माहीत आहे. पाणी, पाय धुवायला जागा, कपडे वाळत घालायला दोरी, आणि "किती चाललात?" असं विचारणारं कोणीतरी.

समुद्रपार

@वेळापूरकर, दोरी आणि "किती चाललात" हे अगदी तंतोतंत. बोटवाल्यांना पण तेवढंच लागतं. धुण्याचं यंत्र कुठे आहे आणि दुकानापर्यंत कोणी सोडेल का.

अक्कलकोट_रोड

पण तुलना नको वाटते. वारकरी भक्तीने जातो, खिशात काही नसतं. हे लोक हौसेने, लाखोंच्या बोटीतून. त्यांना फुकट धक्का देण्यात गावाचं पर्यटन आहे, दुकानं चालतात. यात पाहुणचार किती आणि धंदा किती?

वेळापूरकर

पालखीत पण आमच्या गावातली दुकानं चालतात की. बत्तासे, चुरमुरे, चप्पल शिवणारे. म्हणून आईने चूल पेटवायची नाही का?

अक्कलकोट_रोड

चूल पेटवावीच. मी फक्त हिशेब विचारला. (आणि तुमच्या आईंना नमस्कार सांगा.)

मतलई

सगळे सभ्य आहेत म्हणून मीच विचारते. बोटीवर शौचालय कसं असतं?

भीमाकाठचा

असतं. कपाटाएवढं. हाताने पंप मारायचा. टाकीत साठतं आणि धक्क्यावर ओढून घेतात. पंप किती वेळा मारायचा याचं कॅप्टनने मला १५ मिनिटं प्रात्यक्षिक दिलं. शीड उभारायचं प्रात्यक्षिक दिलं नाही.

मतलई

धन्यवाद. आता झोप लागेल.

धरणकाठ

मूळ प्रश्नावर कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. मी करमाळा तालुक्यातला, उजनीच्या फुगवट्याकाठचा.

उजनीवर शिडाची बोट नाही. असतात त्या मासेमारीच्या होड्या आणि या काठावरून त्या काठावर माणसं, मोटारसायकली नेणाऱ्या. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला जाणारी अशीच एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. आमच्या काठावर अजून कोणी त्या वेळेचं नाव सहज घेत नाही. जानेवारीत तसा वारा नसतो, हे खरं. पण अंगात लाइफ जॅकेट नसेल तर पाहुण्यांना होडीत बसवू नका. एवढा एकच आग्रह.

पक्षी बघायचे असतील तर पहाटे भिगवणच्या बाजूला न्या. पाणी उतरून चिखल उघडा पडला असेल तर फ्लेमिंगो जवळून दिसतात. आणि त्यांना हेही सांगा की त्या पाण्याखाली आमची जुनी गावं आहेत. माझ्या आजीचं घर तिथेच आहे. पाणी फार खाली गेलं की पळसदेवच्या देवळाचं शिखर आणि जुन्या भिंती वर येतात. शहरातले लोक तेव्हा "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणून हळहळतात. आजी मात्र त्या वर्षी नातवाच्या गाडीवर बसून तिचा उंबरा बघायला जायची.

भीमाकाठचा

@धरणकाठ, मी वाचून थोडा वेळ काही लिहू शकलो नाही. जॅकेटचं पक्कं. नेलं तर लेकीला सांगून तिकडचीच चार मागवून घेईन.

तव्यावरची

मी वहिनींच्या बाजूने. पाण्यातल्या माणसाला ज्वारीत न्या! जानेवारी म्हणजे हुरड्याचा भर. गुळभेंडीचं शेत, शेणीची आगटी, त्यात कणसं, आणि गरम कणीस तळहातावर चोळून फुंकर मारून दिलेला हिरवा दाणा. सोबत दही, शेंगाचटणी, गूळ. हाताला चटका बसल्याशिवाय हुरडा खाल्ल्यासारखं वाटत नाही, तेव्हा त्यांना चमचे देऊ नका.

पण आधी एक विचारा. अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले बरेच असतात. सोलापुरात शेंगदाण्याशिवाय पाहुण्याला काय वाढणार, हा वेगळा धागा काढावा लागेल.

चाळीस_नंबर_सूत

शेंगदाण्याशिवाय सोलापूर म्हणजे निघता निघता पाणी प्या, बस.

सम्मती_कट्टा

तारखा बघून बोलवा. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसात येत असतील तर सोन्याहून पिवळं. सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, ६८ लिंगांची मिरवणूक, अक्षता, होम आणि शेवटी शोभेचं दारूकाम. आणि पाणीच दाखवायचंय तर सिद्धेश्वराचं देऊळच तळ्यात आहे की वो! दारूकामाचा उजेड तळ्यात पडतो, तेव्हा बघा म्हणावं. एकच, गर्दीत त्यांचा हात सोडू नका. माझ्या मेव्हण्याला आम्ही मौत का कुआँपाशी हरवलं होतं, दोन तासांनी भज्यांच्या गाड्यावर सापडला. हरवलाच नव्हता म्हणे.

समुद्रपार

माझं मत: भेटवस्तूच्या भानगडीत पडू नका. इकडच्या लोकांना वस्तूंचं ओझं वाटतं, त्यातून बोटीवर राहणाऱ्यांना तर जागाच नसते.

भीमाकाठचा

चादर आधीच दिली आहे. तेव्हा निघताना हिने लेकीसाठी आणलेली सोलापुरी चादर बाईंच्या हातात ठेवली होती. कॅप्टनने फोटो पाठवला होता, बोटीतल्या बिछान्यावर अंथरलेली. त्रिकोणी बिछान्यावर चौकोनी चादर, तर उरलेल्या कोपऱ्यात त्यांचं मांजर झोपतं.

खाडीकर

मांजरासकट बोलवा. मासे आम्ही पाठवतो.

भीमाकाठचा

मंडळी, उशीर झाला, पण कळवतो. काल रात्री व्हिडिओवर बोलणं झालं. लेक मध्ये होती भाषांतराला.

ॲलर्जी नाही. उलट कॅप्टनने कॅमेऱ्यासमोर एक बरणी धरली. तो गोणीवाला म्हातारा दर वर्षी त्यांना शेंगा देतो, आणि बाई हिच्याकडून शिकलेली चटणी मिक्सरमध्ये करतात. हिने लगेच सांगितलं, मिक्सर नको, तेल सुटेपर्यंत कुटायची. आता खलबत्ता दाखवायचं आमंत्रण वेगळं.

मग मी उजनीचं विचारलं. भिगवण, फ्लेमिंगो, धरण, जॅकेट, सगळं सविस्तर. कॅप्टन शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, तू मला पाणी का दाखवतोस? वर्षातले सात महिने मी पाण्यातच असतो. मला कोरडं दाखव. पाय हलणार नाही अशी जागा.

ही पलीकडे बसून हसत होती. तेव्हा उजनी रद्द, एक पहाट फ्लेमिंगो सोडून, आणि तेही काठावरून. बाकी गड्डा आणि हुरडा. कोणाच्या ओळखीत मंगळवेढ्याकडे गुळभेंडी पेरलेलं शेत आहे का? आठ माणसं असू. पैसे घेणार असतील तरी चालेल, नसतील घेणार तर आधी सांगा म्हणजे काय न्यायचं ते ठरवता येईल.

वेळापूरकर

मंगळवेढ्यात मावसभाऊ आहे. काळी जमीन, गुळभेंडी पेरलीय. पैसे घेणार नाही. येताना त्या अमेरिकेतल्या शेंगा मूठभर आणायला सांगा, त्याला लावून बघायच्यात.

नकाशेबहाद्दर

कच्चं बियाणं परदेशातून असं आणता येत नाही हो, विमानतळावर काढून घेतील.

वेळापूरकर

बरं, भाजून आणा मग.